सुवार्ता आणि आवंढा

ख्रिस्ती उपासनेत दर रविवारी खणखणीत आवाजात गाणारा सभासद सोमवारी कचेरीत त्याच विषयावर अगदीच मुका होतो, या घटनेचा अभ्यास धर्मशास्त्राने पुरेशा गांभीर्याने केलेला दिसत नाही. सुवार्ता, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाने मानवाशी समेट केला ही वार्ता, इतरांना सांगणे हे प्रत्येक विश्वासी माणसाचे कर्तव्य असल्याचे त्याला शब्बाथ शाळेपासून शिकवलेले असते; तो ते मान्यही करतो, त्यासाठी प्रार्थनाही करतो, आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने नाताळच्या आदल्या दिवशी ‘तुमच्या सणाचं नेमकं काय असतं हो?’ असे आपण होऊन विचारले, की आवंढा गिळून ‘केक असतो’ असे उत्तर देतो. अशा रीतीने देहधारणेचा सिद्धान्त, म्हणजे देव मनुष्य झाला ही श्रद्धा, मैदा, अंडी आणि मनुका यांच्यापुरती उरते.

या भयाचे स्वरूप विचित्र आहे. रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती लोकांना सिंहांची भीती होती आणि ती समजण्यासारखी होती. पुण्यातील किंवा अहिल्यानगरातील (पूर्वीच्या अहमदनगरातील) आजच्या विश्वासी माणसाला भीती असते ती समोरचा ‘बरं, बरं’ म्हणत घड्याळाकडे पाहील याची. त्याखेरीज, आपण पाजत असलेला चहा माणूस बाटवण्यासाठीच आहे असा संशय येईल ही एक भीती, आणि ऐकणारा खरोखरच रस घेऊन त्रैक्याविषयी, म्हणजे एकाच देवाच्या ठायी पिता, पुत्र व पवित्र आत्मा असण्याविषयी, पुढचा प्रश्न विचारील ही त्याहून मोठी भीती. नकार सोसता येतो. कुतूहल सोसण्यासाठी तयारी लागते. (प्रॉटेस्टंट माणसाला ‘तुम्हाला पोपची परवानगी लागते का?’ असे विचारले जाते तेव्हा चारशे-पाचशे वर्षांचा युरोपीय इतिहास कोठून सुरू करावा हे न कळून तो ‘नाही’ म्हणतो आणि फाईल उघडतो.)

बायबलच्या लेखकांनी मात्र या बाबतीत कोणाचीही भीड ठेवलेली नाही. देवाचा निरोप घेऊन जायला सांगितले असता मोशे जळत्या झुडपासमोर उभा राहून आपली जीभ जड असल्याची सबब सांगतो, आणि ती सबब तो बऱ्यापैकी अस्खलितपणे मांडतो. निनवे शहराला जाण्याची आज्ञा झालेला संदेष्टा योना याफो बंदरात जाऊन उलट दिशेच्या तार्शीशच्या जहाजात बसतो, आणि ग्रंथकार मुद्दाम नोंदवतो की त्याने भाडेही भरले. देवाची आज्ञा टाळण्यासाठी पदरचा पैसा खर्च करणारा हा पहिला प्रवासी असावा. येशूचा शिष्य पेत्र याचे उदाहरण तर मानसशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, कारण येशूला धरायला आलेल्या सशस्त्र जमावासमोर तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापणारा हा मनुष्य त्याच रात्री एका दासीच्या साध्या चौकशीने गडबडतो आणि आपण येशूला ओळखतच नाही असे सांगतो. शौर्य आणि साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाविषयी चारचौघांत बोलणे, ही दोन वेगळी खाती असल्याचे याहून स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण. पौलासारखा धीट प्रेषितही करिंथ येथे आपण भीत आणि कापत आलो होतो असे पुढे पत्रात कबूल करतो, तरीही तो तेथे दीड वर्ष राहिला.

महाराष्ट्रात या भयावर पहिला उपाय योजला गेला तो वादाचा. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. वादाची एक सोय अशी की समोरचा विरोध करणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे विरोधाची भीती उरत नाही. गैरसोय अशी की ऐकायचे कोणालाच नसते, प्रत्येक जण आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरातील ख्रिस्ती मंडळींनी पुढे कीर्तनाचा स्वीकार केला, आणि तो अधिक शहाणपणाचा ठरला, कारण कीर्तनाला आलेला श्रोता बैठक मारून बसतो, घड्याळ पाहत नाही, आणि कापणाऱ्या हातात झांज दिली की तो कंपही तालात जमा होतो.

परंतु या इतिहासातील सर्वांत परिणामकारक संभाषण ना किनाऱ्यावर झाले ना कीर्तनात. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने प्रथम त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, मग नवा करार त्यांच्या हाती दिला आणि तो आपल्या वाटेने निघून गेला; त्याचे नावही टिळकांना कळले नाही. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या अनामिक गृहस्थाला भीती वाटली होती की नाही याची नोंद नाही, पण त्याने आधी समोरच्याच्या आवडीचा विषय काढला आणि परिणाम पाहायला तो थांबला नाही, एवढे निश्चित. भयाचा बराचसा भाग परिणामासाठी थांबण्यातच असतो.

येथे कायदा आणि धर्मशास्त्र यांचे अनपेक्षित एकमत आढळते. भारतीय संविधानाचा पंचविसावा अनुच्छेद सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्माच्या प्रचाराचा हक्क देतो, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही असा निर्णय दिला. ख्रिस्ती धर्मशास्त्रही, अर्थात अगदी निराळ्या कारणांनी, माणसाचे मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे कार्य मानते. सांगणाऱ्याकडे सांगणे तेवढे राहते, आणि फक्त सांगायचेच असेल तर ‘मला ठाऊक नाही’ हेही उत्तर देता येते, मग प्रश्न त्रैक्याचा का असेना.

घरच्या माणसांपुढे मात्र हे सारे तत्त्वज्ञान तोकडे पडते. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपर्यंत दुरूनच पोचली, आणि पुढची काही वर्षे मराठीतील एका मोठ्या कवीची वाणी स्वतःच्या पत्नीपुढे निष्प्रभ ठरली. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा स्वतःच्या मनाशी निकाल लावला आणि १९०० साली आपल्या पायांनी चालत बाप्तिस्मा घेतला. यात टिळकांच्या युक्तिवादाचा वाटा किती हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याने ठरवावे. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूचरित्रपर महाकाव्य जेमतेम साडेदहा अध्यायांवर अडलेले होते. ते पूर्ण करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी उचलले, ज्यांना जोडाक्षरे जन्मभर नीट वश झाली नाहीत आणि ज्यांच्या काव्यनायकाच्या नावात दोनच अक्षरे असून दोन्ही जोडाक्षरे आहेत. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले.