पर्यटनमहर्षी एजंटसाहेबांस

मा. एजंटसाहेब यांस,


हे पत्र बंद पाकिटात पाठवणार होतो, पण कोणत्या पत्त्यावर? तुमचा गाळा फिरता. आज झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर, उद्या मोबाइल रिचार्जवाल्याच्या मागच्या खोलीत. बोर्डावर कधी ‘टूर्स अँड ट्रॅव्हल्स’, कधी ‘ओव्हरसीज कन्सल्टन्सी’. विमानाचं चित्र तेवढं कायम. फोन लावावा तर नंबर बदललेला. पोस्टमनला नंदुरबारच्या उन्हात कशाला हिंडवा, म्हणून हे खुलं पत्र. नाव घालत नाही. तुमच्या कार्डावर छापलेलं नाव तुमचंच असेल याची तुम्हाला तरी खात्री आहे का? ज्याला हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, त्याने ते आपलं समजावं.

आधी अभिनंदन. तोरणमाळला बाहेरचे पर्यटक यावेत म्हणून सरकार किती वर्षं झटतंय. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केलीत आणि धडगावकडच्या माणसालाच पर्यटक करून टाकलंत. वनपट्ट्यावर ज्वारी-मका काढणारा, मुंबईसुद्धा न पाहिलेला माणूस तुमच्या कृपेने मस्कतला हवापालट करायला निघतो. खिशात हॉटेलचं बुकिंग, ते तो उतरायच्या आत रद्द होतं. परतीचं तिकीट, त्याचीही तीच गत. आणि तोंडात तुम्ही घोकून घेतलेलं एकच वाक्य : ‘साब, घूमने जा रहा हूँ.’

तुमच्या कलेतली खुबी सर्वांना कळावी म्हणून थोडं उलगडून सांगतो. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’, अशी नोंद असते. असा माणूस आखाती देश, मलेशिया, जॉर्डन, लिबिया वगैरे १८ देशांपैकी कुठे नोकरीला निघाला, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे आधी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. मालक कोण, पगार किती, राहण्या-खाण्याचं काय, हे करारात लिहून ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलच्या नोंदीत चढतं. सोबत दहा लाखांचा विमा; दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. हा सगळा खटाटोप नोकरीला जाणाऱ्यासाठी. फिरायला जाणाऱ्याला यातलं काही लागत नाही. माणूस तोच, विमान तेच, उतरल्यावर डोक्यावर घमेलंही तेच. फक्त सरकारी दफ्तरात तो मजूर म्हणून कुठे गेलेलाच नसतो. त्याचा पगार कुणी लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे बुडवला असंही म्हणता येत नाही. शिवाय तुम्ही त्याचे रोख २७५ रुपये वाचवलेत.

ऊसतोडीच्या मुकादमाला आम्ही आजवर उगीच शिव्या घातल्या, असं आता वाटायला लागलंय. दिवाळी झाली की आमच्या टोळ्या बारडोलीकडच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो आणि हंगामभर ती व्याजासकट कापून घेतो. जीवघेणाच प्रकार, पण त्यात निदान सुरुवातीला पैसा मजुराच्या हातात पडतो. तुम्ही ही रीतच फिरवलीत. तुमच्याकडे उचल मजूर देतो! बैलजोडी विकून, बायकोच्या अंगावरची चांदी मोडून. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घ्यावा, असा नियम आहे. तुमच्याकडे तेवढे पैसे ‘फाइल उघडायला’ लागतात. मग मेडिकल वेगळं, ‘विमानतळावरची सेटिंग’ वेगळी, आणि ‘व्हिसा आलाय, पण वरचे साहेब अडलेत’ याचे आणखी वेगळे.

तुमची खरी व्यापारी नजर मात्र जागा निवडण्यात दिसते. नवापूर रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. सीमा ओलांडणं म्हणजे काय, ते आमच्या लोकांना एवढंच ठाऊक : बाकावर जरा सरकलं की राज्य बदललं. कुणी कागद मागत नाही. आमचं स्थलांतर मोठं आहे, पण ते सुरतेच्या बाजूचं. आखातात जाणारे मोजके. आणि मोजके असणं हेच तुमच्या पथ्यावर पडलंय.

रत्नागिरीकडे तुमची डाळ शिजली नसती. तिथल्या मोहल्ल्यांतून माणसं पिढ्यान् पिढ्या कुवेत-दुबई करून आलीत. पडवीत बसलेला म्हातारा व्हिसाचा कागद डोळ्यांपासून लांब धरतो आणि विचारतो, ‘हा तर व्हिजिटचा आहे. कफील (तिथला जामीन मालक) कोण? इकामा (राहण्याचा परवाना) कोण काढणार?’ तेवढ्यावर तुम्ही बॅग उचलता. केरळने तर परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ मध्ये सरकारात स्वतंत्र खातंच काढलं. आमच्या पाड्यावर तो कागद सरपंचाने पाहिलेला नाही, पोलिस पाटलाने नाही, मास्तरांनीही नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना हाच माणूस घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, चार पावलं चालवून बघतो, दहा जणांना विचारतो आणि मग पैशाला हात घालतो. व्हिसाचे दात कुठे असतात हे सांगणारं त्याच्या भोवती कुणी नाही. तुम्ही जे पैसे उकळता ते या एकटेपणाचे.

म्हणून तर तुमचा ‘आझाद व्हिसा’ इथे एवढा खपतो. मालक नाही, मुकादम नाही, हवं तिथे काम करा! जन्मभर मुकादमाच्या हिशेबाच्या वहीत अडकलेल्या माणसाला हे ऐकून गुदगुल्या होणारच. आखातात मजुराला मालकाच्या नावाशिवाय राहण्याचा परवाना सहसा निघत नाही आणि परवान्याशिवाय काम करणारा गुन्हेगार ठरतो, एवढा किरकोळ तपशील तुम्ही गाळता.

कागदांचं म्हणाल, तर आमचा जिल्हा मागास आहे असं समजू नका. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो आमच्या शहादे तालुक्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान आले होते. त्याच जिल्ह्यात पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत साक्षरता राज्यात सर्वांत कमी निघाली. ओळखपत्र आधी आणि अक्षर मागाहून, असा हा क्रम. तुम्ही आमचे कागद ‘जुळवून’ देता ते या फटीत बसून. आधारवर बुद्ध्या, शाळेच्या दाखल्यावर बुधा, रेशनकार्डावर तिसरंच काही. जन्मतारीख १ जून. मास्तरांनी पटावर नाव घालताना घरच्यांना तारीख विचारली नाही, त्यामुळे अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. तुम्ही म्हणता, ‘काळजी नको, मी करतो.’ करताही. दुरुस्त्या होतात, पासपोर्ट येतो, आणि आल्या पावली तुमच्या ड्रॉवरमध्ये जातो. ‘माझ्याकडे सेफ राहील.’

त्या पुस्तिकेत एक सूचना छापलेली असते, तुमच्या नजरेतून सुटली असेल. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तो धारकाच्या किंवा धारकाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या ताब्यात असावा. आता अधिकार दिलाय म्हणाल तर दिलाच आहे. तुमच्या कोऱ्या फॉर्मवर अंगठा आहे ना! त्याच पुस्तिकेत राष्ट्रपतींच्या नावाने जगातल्या सगळ्यांना विनंती केलेली असते, की या व्यक्तीला अडवू नका, लागेल ती मदत आणि संरक्षण द्या. २०२२ पासूनच्या राष्ट्रपती स्वतः आदिवासी आहेत. त्यांची विनंती मस्कतच्या विमानतळावर वाचली जाते, तुमच्या ड्रॉवरपर्यंत पोचत नाही.

मग तो उतरतो. तिथला तुमचा भागीदार गाडी घेऊन उभा असतोच. पासपोर्ट पुन्हा ‘सेफ’ होतो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या गिऱ्हाइकांना नाही, म्हणून लिहितो. व्हिसा संपतो, दंड दिवसागणिक चढतो, कामाचे पैसे ‘पुढच्या महिन्यात’. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून तो भारतीय दूतावासाच्या दारात जातो. दूतावासाकडे यावर उपाय आहे, आणि तो चालतोही. पासपोर्ट नसलेल्याला आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं : एकच प्रवास, एकाच दिशेचा, भारताकडे. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अगदीच अडलेल्याचं तिकीट, निवारा, वकील, वेळ आली तर मृतदेह घरी आणण्याचा खर्चही त्यातून होतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत अमिरातीने मुदत संपून राहिलेल्यांना माफी दिली, तेव्हा असे कागद घेऊन कितीतरी माणसं परतली.

पण प्रमाणपत्र देण्याआधी दूतावासाला विचारावंच लागतं : तू कोण? मग जुन्या पासपोर्टचा क्रमांक हवा, झेरॉक्स हवी. ती नसेल तर चौकशीचा कागद उलटा फिरून जिल्ह्यात येतो, तिथून ठाण्यात, ठाण्यातून पाड्यावर. आणि पाड्यावर बुद्ध्या की बुधा, इथून पुन्हा सुरुवात. घरच्यांनी तक्रार करावी म्हणून परराष्ट्र खात्याने २०१५ मध्ये ‘मदद’ नावाचं पोर्टल काढलं. त्यावरही पासपोर्टचा क्रमांक विचारतात. त्याच्या बायकोकडे काय आहे? तुमचं व्हिजिटिंग कार्ड. ती आठवडे बाजाराच्या दिवशी तुम्हाला गाठते, तेव्हा तुम्ही फार मायेने सांगता, ‘ताई, तिकडं नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो.’

शिकलेल्या पोरांसाठी तुमच्या धंद्याने वेगळी शाखा काढलीय, तेही नोंदवून ठेवतो. दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर नसतो, म्हणजे ती कटकटही नाही. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’, पगार डॉलरमध्ये, मुलाखत मोबाइलवर. बँकॉकहून गाडी पश्चिमेला धावते, रात्री एक नदी ओलांडली जाते आणि पोरगं म्यानमारमध्ये काटेरी कुंपणाच्या आत बसून परक्या माणसांना ऑनलाइन गंडवायला लागतं. नाही म्हटलं तर मार. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीय तिथून परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने आणखी साठांहून अधिक जणांना सोडवल्याचं सांगितलं आणि काही एजंटांना अटकही केली. तुमच्या व्यवसायबंधूंवर हा केवढा अन्याय! लोकांना परदेश दाखवायचा आणि वर बेड्या.

तरी तुम्ही फार घाबरू नका. नोंदणीशिवाय परदेशी भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार! १९८३ मध्ये त्या आकड्याला वजन होतं. आज तुमचा बोर्डसुद्धा तेवढ्यात रंगून होत नाही. नवा कायदा आणायचा म्हणून २०१९ ला मसुदा झाला, २०२१ ला झाला, २०२५ ला आणखी एक. मसुद्यांना तुमच्यापासून धोका नाही आणि तुम्हाला मसुद्यांपासून. प्रामाणिक एजंटाने मात्र ५० लाखांची बँक हमी ठेवायची, परवाना घ्यायचा, प्रत्येक माणसाची नोंद करायची आणि तुमच्याशी स्पर्धा करायची. मूर्खच म्हणायचे ते.

आणि एक कबूल करायला हवं, की सरकारने तुमची सोय बघूनच कार्यालयं थाटलीत. २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन झालं. पासपोर्ट कार्यालय, उत्प्रवासी संरक्षक, सगळे एका छताखाली, काचेच्या इमारतीत. मोलगीच्या माणसाने आधी अक्कलकुव्याला उतरायचं, मग नंदुरबार, मग रात्रभर गाडी, मग ती इमारत शोधायची, आणि दारावरच्या शिपायाला मराठीत की भिलोरीत विचारायचं ते ठरवायचं. तुम्ही मोलगीच्या बाजारात चहाच्या टपरीवर भेटता. त्याच्या भाषेत बोलता. चहाचे पैसेही तुम्हीच देता. जिल्हा परिषदेच्या कुठल्या साहेबाने कधी त्याला चहा पाजलाय? रोजगार मेळाव्यात व्हिजिट आणि कामाच्या व्हिशातला फरक सांगणारा एक साधा फलक लावायला किती खर्च येतो, हे मी तुम्हाला विचारत नाही. तो प्रश्न दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचा आहे, आणि तो पत्ता बदलत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

तुम्हाला एवढंच. परवानाधारक एजंटाला नोंदणी क्रमांक असतो. तो परवान्यावर असतो, ई-मायग्रेटच्या यादीत असतो, आणि मोबाइलवर पाहता येतो. येत्या बाजारी पाटी लावाल तेव्हा विमानाच्या चित्राखाली तो रंगवा. जागा अपुरी पडत असेल तर विमान जरा लहान काढा. रंगाऱ्याला काय आकडा लिहायचा हे सुचत नसेल, तर मला कळवा. मीही तो शोधतोय.

कळावे, लोभ आहेच, वाढवू नये.

आपला,
ईसीआर नसलेला एक नंदुरबारकर

ता. क. परराष्ट्र खात्याच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. हा तुमच्यासाठी नाही. पत्र वाचून झाल्यावर तुमच्या बाकावर रांगेत बसलेल्यांकडे द्या.