अपडेटची वाट कशी पाहावी : हिंगणघाटकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

साहित्य : एक फोन, रोखीचा किंवा हप्त्याचा. एक सिम, रिचार्ज संपलेलं नको. आणि नागपूरला राहणारा एक भाचा, ज्याच्याकडे अगदी तोच फोन आहे आणि ज्याचं अपडेट परवाच येऊन गेलं. स्वतःचा भाचा नसल्यास शेजाऱ्याचा चालेल, पण त्याच्यावाचून काम सुरूच होत नाही. आपलं अपडेट आलेलं नाही हे फोन कधीच सांगत नाही, भाचा सांगतो.

पहिली पायरी, दोषी ठरवणे. नवशिके इथे फार घाई करतात. कारंजा चौकाकडे मोबाईलच्या कुठल्याही दुकानात विचारा, काउंटरमागचा पोट्टा मान वर न करता सांगेल, "सिमवाली कंपनी रोकून राहिली ना भाऊ." हे वाक्य अमेरिकेत खरं आहे. तिथे फोन टेलिफोन कंपनीकडूनच तिच्या हप्त्यावर घ्यायची जुनी रीत, त्यामुळे फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरवरही तिचा हात. अँड्रॉइड 4.1 जुलै 2012 मध्ये आलं. गॅलेक्सी नेक्सस हा तर गूगलच्या घरचाच फोन, पण व्हेरायझन या तिथल्या टेलिफोन कंपनीकडून घेतलेल्या नेक्ससला ते सप्टेंबरमध्ये मिळालं. अ‍ॅपलने मात्र 2007 साली पहिला आयफोन आणतानाच अपडेटची किल्ली एटी अँड टीच्या हाती दिली नाही.

आपल्याकडे फोन दुकानातून आणि सिम रस्त्याकडेच्या छत्रीखालून. दोघांची ओळख होते ती थेट आपल्या खिशात. त्यामुळे अँड्रॉइडची अख्खी आवृत्ती जिओने किंवा एअरटेलने दाबून ठेवली, असं इथे सहसा होत नाही. सॅमसंगचा फोन असेल तर सेटिंगमध्ये फोनबद्दलची माहिती, त्यात सॉफ्टवेअरची माहिती उघडा. एका लांबलचक ओळीत 'INS' अशी तीन इंग्रजी अक्षरं दिसतील. ती भारतासाठीच्या फोनची खूण आहे, कुठल्या सिमवाल्याची नव्हे. पोट्ट्याला हे दाखवू नका. तो कव्हरचे पैसे वाढवेल.

दुसरी पायरी, खरी रांग ओळखणे. हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावातल्या माणसाला हे समजवायला फार लागत नाही. गूगलने सोडलेलं अँड्रॉइड म्हणजे वेचून आणलेला कापूस, सरकीसकट. तो तसाच कोणी अंगात घालत नाही. आधी जिनिंग : क्वालकॉम, मीडियाटेकसारखे चिपवाले त्यातलं आपल्या चिपला लागेल ते जुळवून देतात. मग प्रेसिंग : फोनची कंपनी आपला कॅमेरा, आपली रंगसंगती आणि कोणी न मागितलेली चार अ‍ॅप्स घालून गाठ बांधते. आणि शेवटी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन ग्रेडर उभा. सीसीआयच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे गाडी घरी. सिमकंपनी असते ती या ग्रेडरच्या जागी. फरक एवढाच की तो गाडीतला सगळा कापूस तपासतो आणि ही फक्त नेटवर्कशी संबंध येतो तेवढा भाग. पहिले दोन टप्पे महिनोन्‌महिने खातात. त्याचं खापर मात्र शेवटच्याच्या डोक्यावर, कारण रांगेत दिसतो तोच. (जिनिंगचा वेळ कमी व्हावा म्हणून गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइड 8 पासून चिपचा भाग वेगळा काढायची सोय केली. फरक पडला. रांग गेली नाही.)

मग सिमकंपनी तपासते तरी काय? फोन 5जी वरून 4जी वर उतरताना चालू कॉल तुटतो का, 112 लागतो का, ओटीपीचा एसएमएस वेळेत येतो का. रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिली तर एकाच वेळी हजारो फोन मुके होतात, आणि लोक फोनकंपनीला नव्हे, सिमवाल्याच्या कस्टमर केअरला शिव्या देतात. ही भीती काल्पनिक नाही. 24 सप्टेंबर 2014 ला अ‍ॅपलने आयओएस 8.0.1 सोडलं आणि नव्या कोऱ्या आयफोन 6 चं नेटवर्कच गायब झालं. तासाभरात ते मागे घ्यावं लागलं.

तिसरी पायरी, 5जीची वाट पाहणे. ही जरा सविस्तर, कारण आपल्या भागातला खरा किस्सा तोच. 1 ऑक्टोबर 2022 ला दिल्लीत 5जीचं उद्घाटन झालं. एअरटेलने त्याच आठवड्यात ज्या आठ शहरांत सेवा सुरू केली, त्यांत नागपूर होतं. म्हणजे टॉवर तयार, गिऱ्हाईक तयार, भाचा तर केव्हाचा तयार. आणि खिशातल्या महागड्या आयफोनवर 4जी! फोनमध्ये 5जीचं यंत्र होतं, पण भारतातल्या नेटवर्कसाठी ते चालू करणारं सॉफ्टवेअर आलं नव्हतं. त्यातही दोन कंपन्यांच्या दोन तऱ्हा. एअरटेलने 5जी जुन्या 4जीच्या पायावर उभारलं, जिओने पाया वेगळा घातला. म्हणून प्रत्येक फोन दोन्हीकडे वेगवेगळा तपासायचा. शेवटी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारनेच फोनवाले आणि सिमवाले एका बैठकीला बोलावले. सॉफ्टवेअरची वाट पाहत सरकारी बैठक बसली, हे दृश्य आपल्या भाच्याला जरूर सांगा, त्याला धीर येतो. आयफोनवाल्यांना आयओएस 16.2 डिसेंबरमध्ये मिळालं.

इथे अडवलं कोणी, हा प्रश्न परीक्षेत विचारतात. माझ्या मते उत्तर असं : अडवलं कोणीच नाही, दोघंही समोरच्याच्या सहीसाठी थांबले होते. दुकानदाराच्या उत्तरापेक्षा हे कंटाळवाणं आहे, पण 2016 मध्ये जिओ आलं तेव्हाही असंच होतं. जिओकडे 2जी-3जी नव्हतंच, कॉल जायचा तो व्होल्टीवरून, म्हणजे 4जीच्याच नेटवर्कवरून. ज्या 4जी फोनमध्ये व्होल्टी चालू नव्हतं, त्यांना साधा फोन लावायलाही वेगळं अ‍ॅप टाकावं लागे.

चौथी पायरी, टप्प्याटप्प्याने येणारं अपडेट सहन करणे. कंपनी ते आधी थोड्या फोनांना देते, तक्रारी मोजते, मग पुढच्यांना. यात गावाचा, जातीचा, आडनावाचा काही संबंध नाही, तरी नागपूरला आधी मिळालं की मन मानत नाही. हिंगणघाटच्या माणसाने तर मानायलाच हवं. कारण टप्प्यांचा इतिहास त्याच्याच गावात आहे. इंग्रज मोजणी अधिकारी विल्यम लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ देशाची मोजणी सुरू केली आणि टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकत राहिला. 20 जानेवारी 1823 ला नागपूरच्या वाटेवर असताना तो हिंगणघाटलाच वारला. थडगं इथेच आहे. मोजणी पुढे हिमालयापर्यंत गेली.

पाचवी पायरी, हाताला काम. आयफोनवर सेटिंग, जनरल, अबाउट एवढं उघडून थोडं थांबा. सिमकंपनीच्या सेटिंगचं छोटं अपडेट आलं असेल तर तिथेच खिडकी येते. अनेकांचं 5जी किंवा वाय-फाय कॉलिंग या एका खिडकीपाशी अडलेलं असतं. अँड्रॉइडवर 'अपडेट तपासा' दाबत राहिल्याने नुकसान काही नाही, अंगठ्याला व्यायाम होतो. इंटरनेटवरून अनोळखी फाईल उतरवून जबरदस्तीने टाकणारा मित्र प्रत्येक मोहल्ल्यात असतो. त्याला चहा पाजा, फोन देऊ नका.

अपडेट आलंच, तर आधी फोटोंचा बॅकअप घ्या, बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या आणि रात्री झोपताना लावा. सकाळी फोन मंद वाटला, जुनंच बरं होतं असं वाटलं, तर ते विसरा. अ‍ॅपल जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थोड्याच काळात बंद करतं, आणि कित्येक अँड्रॉइड फोनही मागे जाऊ देत नाहीत. अशा वेळी भाच्याला फोन लावून विचारावं, "तुझाबी गरम होऊन राहिला का रे?"