बिस्किटचं म्हणणं

अमेरिकेत ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला क्वार्टझाइट नावाचं गाव आहे. कायमची वस्ती जेमतेम अडीच हजारांची. पण थंडी पडली, की उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेले पेन्शनर आपापली मोटरहोम घेऊन इथे उतरतात आणि गावाभोवतीचं वाळवंट भरून जातं. त्यातल्या कुठल्याही गाडीचं दार ठोठावा. आधी भुंकणं ऐकू येईल, मग "बिस्किट, गप!" आणि मग आमचे गृहस्थ दारात उभे राहतील.

सत्तरीकडे झुकलेलं वय, अर्धी चड्डी, कपाळावर चढवलेला गॉगल. त्यांना नाव आहे, पण ते कुणाला ठाऊक नसतं. ते 'बिस्किटचे बाबा'. शेजारी, ज्याच्याकडून ते दर हिवाळ्यात पाना उसना घेतात, तो 'रस्टीचे बाबा'.

या गृहस्थांना स्वतःचं मत नसतं. म्हणजे असतं, पण ते बिस्किटच्या खात्यावर जमा असतं. फिनिक्सला का जात नाही? बिस्किटला ट्रॅफिक सोसत नाही. जुन्या मित्राकडे राहिला का नाहीत? बिस्किटला त्याची बायको आवडत नाही. ऑफिसात साहेबाची आणि घरात सगळ्यांची मर्जी राखण्यात उमर गेली, की 'मला हे नको' म्हणायला जीभ वळत नाही. ते काम आता कुत्र्याकडे आहे. आणि कुत्र्याशी हुज्जत कोण घालणार?

सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट तळ ठोकायचा, तर साधारण 14 दिवसांनी तिथून 25 मैल तरी सरकावं लागतं. "बिस्किटला दोन आठवड्यांच्या वर एका जागी करमतच नाही," असं सांगताना गृहस्थांच्या चेहऱ्यावर कायद्याचा मागमूस नसतो. पुढे कंबर धरली, तेव्हा त्यांनी लांब मुदतीचा परवाना काढला. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल खुशाल पडून राहा. कित्येक वर्षं तो 180 डॉलरना मिळत आला आहे. बिस्किटला त्याच आठवड्यात स्थैर्याची ओढ लागली.

राष्ट्रीय उद्यानं त्यांनी बरीच पाहिली आहेत, पण पार्किंगमधून. तिथल्या बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना बंदी. डेथ व्हॅलीत बॅडवॉटरचं मिठागर समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली पसरलेलं आहे. लोक त्यावरून चालत लांबवर जातात. गृहस्थ गाडीला टेकून उलट बाजूच्या कड्याकडे बघतात. तिथे खूप उंचावर 'समुद्रसपाटी' अशी पाटी लावलेली आहे. "ही पाटी कुणी बघतच नाही," ते म्हणतात. "बिस्किटच्या लक्षात आली." (मानही न वळवता कशी आली, हे विचारू नये.)

क्वार्टझाइटच्या कबरस्तानात एक दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. खाली हाजी अली, वरळीचे नव्हेत. अमेरिकन सैन्याने 1850च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. प्रयोग बारगळला, माणूस इथेच राहिला. "जनावरामुळे माणूस कुठे येऊन पोचतो बघा," असं गृहस्थ पाहुण्यांना ऐकवतात, तेव्हा पट्ट्याचं दुसरं टोक त्यांना ओढत असतं.

गाडीत स्टाइनबेकचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' असतंच. लेखक, त्याचा पूडल आणि ट्रकवर बसवलेलं घर. पुस्तक भेट आलेलं असतं आणि निम्म्यावर खूण घातलेली असते. बिस्किटला पूडल आवडत नाहीत.

खिशात मात्र कायम फणी. चोया निवडुंगाचे काटेरी गोळे नुसता स्पर्श झाला तरी तुटून पंजाला चिकटतात, आणि बोटांनी काढायला जावं तर बोटांना. फणीने उचकटायचे. गृहस्थांच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत, फणी बिस्किटची. हॉटेलात ताटाशेजारी फोन उघडा ठेवलेला असतो. बातम्यांसाठी नव्हे, बंद गाडीतलं तापमान पाहायला. आकडा चढला, की तोंडातला घास तसाच ठेवून गृहस्थ निघतात. एवढ्या एका बाबतीत ते कुणाचं नाव पुढे करत नाहीत.

हे सगळं बायको इतकी वर्षं शेजारच्या घडीच्या खुर्चीत बसून बघत आली आहे. मे महिन्यात मिनेसोटात नातीचा पदवीदान समारंभ. परवा ती नवऱ्याकडे न बघता बिस्किटचा कान खाजवत म्हणाली, "बिस्किटला समारंभाला जायचंय."

गृहस्थ चमकले. "त्याला गर्दी सोसत नाही."

"सोसेल म्हणतोय."

"कधी म्हणाला?"

"आत्ताच. तू जनरेटर बंद करायला गेला होतास ना, तेव्हा."