नाताळची सुटी: उलट दिशेचा एक अभ्यास

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या मध्य रेल्वेवरील शहरांत नाताळ साजरा करणाऱ्यांपेक्षा नाताळची सुटी साजरी करणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असून, या दुसऱ्या गटाचा येशूच्या जन्माशी असलेला संबंध प्रामुख्याने रजेच्या अर्जापुरता असतो. वर्षभर साहेबाच्या धाकाने न घेतलेली किरकोळ रजा ३१ डिसेंबरला बाद होते, मिशनरी शाळा बंद राहतात, परदेशी ग्राहकांची कामे करणाऱ्या कंपन्यांत तिकडचा ग्राहकच घरी गेल्याने इकडच्यांना काम करण्याचे नाटकही करावे लागत नाही, आणि न्यू जर्सीतला मुलगा याच दिवसांत सहकुटुंब येऊन धडकतो. या सर्व कारणांच्या संयोगातून ‘आपण सगळ्यांनी कुठेतरी जायला हवे’ हा ठराव एकमताने संमत होतो. कुठे, यावर मात्र एकमत होत नाही: आजींना गाणगापूर हवे असते, नातवंडांना समुद्र, आणि मधल्या पिढीला जेथे कोणी प्रश्न विचारणार नाही असे कोणतेही ठिकाण चालते. अखेरीस गोवा ठरते, कारण तेथे मंगेशी आणि शांतादुर्गा असल्यामुळे आजींचा पराभव झाला असे कागदोपत्री म्हणता येत नाही.

ठरावाची अंमलबजावणी रेल्वेच्या आरक्षणावर अवलंबून असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे २४ डिसेंबरच्या गाडीचे जे आरक्षण पूर्वी २६ ऑगस्टला, गणपतीच्या मागेपुढे उघडत असे, ते आता २५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या मागेपुढे उघडते. या सुधारणेमुळे कुटुंबाला भांडायला दोन महिने जास्त मिळाले. आरक्षण सकाळी आठ वाजता सुरू होते, आणि नेमक्या त्याच घटकेला डोंबिवलीतील कमावती पिढी लोकलच्या डब्यात अशा अवस्थेत उभी असते की खिशातला हात आपलाच आहे की शेजाऱ्याचा, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून हे काम निवृत्त आजोबांकडे येते. आजोबा साडेसातलाच आंघोळ उरकून, सर्वांची नावे आणि वये जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर उतरवून संगणकासमोर बसतात; आठ वाजता पडद्यावर काही वाकडीतिकडी अक्षरे उमटतात, जी बरोबर ओळखल्यास समोर यंत्र नसून माणूस आहे असे मानले जाते; दोन प्रयत्नांनंतर आजोबांचे माणूसपण मान्य होते, परंतु तोवर प्रतीक्षा यादी सुरू झालेली असते. पुढे त्यातली काही तिकिटे निश्चित होतात आणि काही ‘आरएसी’ या अवस्थेत अडकतात. आरएसी म्हणजे, कोणीतरी तिकीट रद्द करील या आशेवर, बाजूच्या एकाच बाकावर दोघांना समोरासमोर बसवण्याची सोय होय. ती बहुधा आजी-आजोबांच्या वाट्याला येते, आणि गाणगापूरचा विषय तेथे सविस्तर चर्चिला जातो.

डोंबिवलीचे भौगोलिक दुर्दैव यानंतर सुरू होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांनी थांबावे असा मान या दोन शहरांना मिळाला. मधल्या डोंबिवलीकडे त्यांतील बहुतेक गाड्या ढुंकूनही पाहत नाहीत. नाशिक वा पुण्याकडे जायचे तर कल्याण गाठावे लागते, ते निदान दिशेला धरून आहे. कोकण रेल्वेचे, म्हणजे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाणाऱ्या आणि १९९८ मध्ये संपूर्णपणे खुल्या झालेल्या मार्गाचे, गणित निराळे आहे. या मार्गाच्या गाड्या ठाण्याहून दिव्यापर्यंत येतात आणि तेथून पनवेलकडे वळतात. दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये फक्त कोपर आहे. तरीही दक्षिणेला जाऊ इच्छिणाऱ्या डोंबिवलीकराने भल्या पहाटे बोचकी-बॅगांसह मुंबईच्या दिशेने कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा ओलांडून ठाण्यास उतरायचे, तेथे कोकणची गाडी पकडायची, आणि आजोबांनी खिडकीतून ‘ते बघा दिवा’ असे सांगेपर्यंत पुन्हा घराच्याच दिशेने प्रवास करायचा, असा शिरस्ता आहे.

उपनगरी प्रवाशांना या प्रकाराचे आश्चर्य वाटत नाही, कारण त्यांच्या शास्त्रात त्याला ‘रिटर्न’ अशी संज्ञा आहे. बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने जायचे आणि गाडी जेथून सुटते तेथेच तिच्यात ठाण मांडून परत यायचे, याला रिटर्न म्हणतात. नाताळची सहल हा त्याचाच सामानासह विस्तार होय. फलाटावर भेटणारे ठाण्याचे व्याही मात्र रिक्षाने दहा मिनिटांत आलेले असतात आणि ‘तुम्हाला फारच लवकर निघावे लागले असेल ना?’ असे सहानुभूतीने विचारून वर्षभराचे समाधान मिळवतात. गाडीत शिरल्यावरही लोकलचे संस्कार सुटत नाहीत. तिघांच्या बाकावर कडेला अर्धे अंग टेकणाऱ्यास ‘चौथी सीट’ म्हणतात; आरक्षित डब्यातही जावईबापू सवयीने सरकून चौथ्या सीटची जागा करतात आणि ती रिकामीच राहिलेली पाहून काहीसे अस्वस्थ होतात. पनवेल येण्यापूर्वी डबे उघडतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, मेथीचे ठेपले आणि थंडीचे म्हणून डिंकाचे लाडू, असा हा ऐवज चार दिवसांच्या वेढ्याला पुरेल इतका असतो. खुद्द कल्याणकर मंडळींचा कल मोटारीने जाण्याकडे असतो, परंतु मुंबई–गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणास २०११ मध्ये सुरुवात झाली होती, एवढे सांगितले तरी त्यांच्याविषयी पुरेसे सांगून होते.

गोव्यात पोहोचल्यावर पंचांग आडवे येते. मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत करण्याची, घट मांडून कहाणी वाचण्याची आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापन, म्हणजे व्रताची सांगता करून सवाष्णींना हळदीकुंकू व फळ देण्याची प्रथा या शहरांत घरोघरी आढळते, आणि अशा पुष्कळ घरांत महिनाभर मासळी वर्ज्य असते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने मार्गशीर्ष दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तिसऱ्या वर्षी येणारा अधिक महिना त्याला पुन्हा पुढे ढकलतो. सुरमई ताटात येणार की नाही, हे अशा रीतीने खगोलशास्त्र ठरवते. २०२४ मध्ये शेवटचा गुरुवार २६ डिसेंबरला आला. अशा वर्षी हॉटेलच्या खोलीत टीव्हीच्या रिमोटशेजारी घट मांडावा लागतो, आणि त्यासाठी तांब्या, विड्याची पाने व नारळ हे साहित्य घरूनच नेले जाते. गोव्यात नारळ मिळेलच याची खात्री डोंबिवलीतल्या कोणत्याही सासूबाई देऊ शकत नाहीत. २०२५ मध्ये तोच गुरुवार १८ डिसेंबरला उरकल्यामुळे घरातले पुरुष, जे एरवी पंचांगाला शिवत नाहीत, ते अमावास्येची तारीख तोंडपाठ म्हणू लागले.

जे कोठेही जात नाहीत त्यांना ठाण्यात मासुंदा तलावाकाठी, म्हणजे तलावपाळीला, पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. पोर्तुगीजांची ठाण्यावरील सत्ता १७३७ मध्ये मराठ्यांनी संपवली. चर्च राहिले आणि मराठी बोलणारे ख्रिस्ती लोकही राहिले. या समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी स्वतःस पूर्वेचे म्हणवावे, हे डोंबिवली पूर्व आणि पश्चिम यांच्यातला पूल रोज चढणाऱ्या माणसाला मुळीच विचित्र वाटणार नाही. त्यांच्या घरून नाताळात शेजाऱ्यांकडे येणाऱ्या ताटात केकच्या तुकड्याबरोबर कुलकुल असतात, म्हणजे काट्याच्या किंवा कोऱ्या फणीच्या दातांवर पिठाची गोळी दाबून, वळवून, तळून साखरेत घोळलेले गोड खाऊ. आणि नेवऱ्या असतात, ज्या उघडून पाहिल्यास करंज्या निघतात. दिवाळीत याच ताटातून करंज्या तिकडे गेलेल्या असतात. शेजारच्या आजी कुलकुल चाखून ‘शंकरपाळ्यांतलेच आहेत, पण मेहनत जास्त आहे’ असा अभिप्राय देतात, आणि ताट रिकामे परत पाठवायचे नाही या नियमानुसार त्यात डिंकाचे लाडू घालून पाठवतात, जे गोव्याला गेलेल्या सुनेने ‘तुम्ही खा’ म्हणून मागे ठेवलेले असतात.

परतीच्या प्रवासाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. गाडी दिव्यावरून पुढे ठाण्याला जाते, तेथून सर्वजण लोकलने मागे डोंबिवलीला येतात, बंद केलेले दूध आणि वर्तमानपत्र पुन्हा सुरू होते, आणि काजूच्या पुड्या वाटण्याची यादी अपुरी पडते. मात्र ही मंडळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परततात, आणि ६० दिवस पुढे मोजल्यास थेट मार्चचा पहिला आठवडा, म्हणजे काही वर्षी शिमग्याचे दिवस येतात. बॅगा रिकाम्या होण्यापूर्वीच ही गोष्ट कोणाच्या तरी लक्षात येते, आणि दुसऱ्या दिवशी साडेसातच्या आधीच आजोबांच्या आंघोळीचे पाणी तापत ठेवले जाते.