एका कांडीचे दोनशे आंबे

पॉलिमर क्लेची केन म्हणजे नक्षीची कांडी. हिच्या पोटात एकच चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेलेले असते. बाहेरून ती ओबडधोबड दांडू दिसते. पात्याने काप काढला की आतले चित्र उघडते, पुढच्या कापात तेच चित्र, त्याच्या पुढच्या कापातही तेच. हे काप मण्यांवर चिकटवून किंवा नुसतेच भाजून त्यांचे दागिने करतात. कोकणातल्या माणसाला एवढे समजायला अळूवडीची वळकटी एकदा कापलेली पुरते. फरक इतकाच की अळूवडी त्याच संध्याकाळी संपते.

नावात क्ले असली तरी हा पदार्थ मातीपासून होत नाही. पीव्हीसीची अतिशय बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य, थोडे भरण आणि रंग, एवढाच सगळा मसाला. कलमांच्या बागेत पाणी नेणारा पाइपही पीव्हीसीचाच, तेव्हा बागेतला पाइप आणि कानातला क्लेचा आंबा एका कुळातले ठरतात. पाणी नसल्याने ही क्ले हवेवर वाळत नाही. ज्या पावसाळ्यात देवगडजवळच्या कुणकेश्वरला मिठाचे पाणी होते आणि पापड लवतात, त्या पावसाळ्यातही ती जशीच्या तशी राहते. भट्टीत तापल्यावर भुकटीचे कण ते तेलकट द्रव्य पिऊन फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि क्ले कायमची घट्ट होते.

कल्पना मात्र काचेची आणि फार जुनी. रंगीत काचेच्या काड्या एकत्र जोडायच्या, तापवून ओढायच्या आणि चकत्या पाडायच्या, ही विद्या प्राचीन इजिप्तच्या आणि पुढे रोमच्या कारागिरांना होती. व्हेनिसने आगीच्या भीतीने १२९१ साली काचेच्या भट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर हलवल्या. चांदणीच्या नक्षीची कांडी तिथेच पंधराव्या शतकाच्या अखेरीस घडली आणि तिचे श्रेय परंपरेने मारिया बारोव्हिएर या कारागीर स्त्रीला दिले जाते. एकोणिसाव्या शतकात मुरानोच्या फुलाफुलांच्या मण्यांनी जहाजे भरभरून आफ्रिका गाठली.

मण्यांच्या व्यापाराला महाराष्ट्रही नवखा नाही. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांनी भडोच बंदराकडे जात, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी उत्खननात मणी सापडले, ते तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. त्या कारागिरांनी दगड घासला, काच वितळवली. त्यांच्या मानाने पॉलिमर क्लेचा कारागीर फार सुखी. त्याला फक्त घरच्यांची समजूत काढावी लागते.

क्ले स्वतः विसाव्या शतकातली. १९३० च्या दशकात जर्मनीत ती तयार झाली आणि बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझ यांच्यापर्यंत पोहोचली. कारखान्यात तिचा उपयोग जमेना, म्हणून त्यांनी ती आपल्या मुलीला, सोफीला, दिली. सोफीचे घरातले लाडके नाव फिफी. त्या नावाचा अंश घेऊन पुढे ‘फिमो’ हा माल बाजारात आला. कारखान्याला नको असलेली वस्तू घरातल्या मुलीला देण्याची पद्धत जर्मनीतही आहे, हे यावरून कळते.

साधनांची यादी पुस्तकात लांबलचक असते. घरात ती थोडक्यात आटोपते : लाटणे, पोळपाट, सोऱ्या, सुरी, एक गुळगुळीत फरशी आणि या सगळ्यांवर आजवर हक्क असलेली व्यक्ती गाफील असण्याची वेळ. क्लेला लागलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये, हा नियम पाकिटावर छापलेला असतो. त्यामुळे एकदा गेलेला सोऱ्या दिवाळीला परत येत नाही, आणि चकल्यांच्या दिवशी या कलेविषयी घरात प्रथमच सविस्तर चर्चा होते. याखेरीज दोनच गोष्टी विकत घ्याव्या लागतात : कागदासारखे पातळ, लवचिक पाते आणि क्लेची पत्री एकसारख्या जाडीची लाटणारे हाताने फिरवायचे पास्ता मशीन. कुणकेश्वरात या यंत्रातून आजवर पास्ता निघाल्याचे कोणी सांगत नाही.

पहिली पायरी मळण्याची. पाकिटातली वडी कडक असते. ती हातांत दाबत, लाटत, घडी घालत मऊ करावी लागते. सगळे रंग सारखेच मऊ असणे ही या कामातली सर्वांत मोठी अट. एक रंग मऊ आणि दुसरा कडक असला तर पुढे कांडी ओढताना मऊ रंग पळतो, कडक रंग जागचा हलत नाही आणि चित्र फाटते. थंड मुलखातली पुस्तके वडी खिशात घालून उबवायला सांगतात. देवगड तालुक्यात मे महिन्यात हा सल्ला पाळला तर वडी राहत नाही आणि खिसाही राहत नाही. इथे उलटा इलाज लागतो : क्लेची पातळ पत्री दोन कोऱ्या कागदांत दाबून ठेवायची, म्हणजे जास्तीचे तेलकट द्रव्य कागद शोषून घेतो. कागद कोराच हवा. वर्तमानपत्र वापरले तर शाई क्लेवर उठते आणि हापूसच्या पिवळ्या गरावर हापूसचे पडलेले भाव उलट्या अक्षरांत उमटतात.

रंग हाताळण्याचा क्रमही ठरलेला. पांढरा आधी, मग पिवळा, लाल आणि काळा सर्वांत शेवटी. पांढऱ्या क्लेला घरातला प्रत्येक कण चिकटतो. घर समुद्राकाठी असेल तर पुळणीची वाळू, मांजर असेल तर मांजर. मांजर नसल्याचे ज्या घरात ठामपणे सांगितले जाते, तिथेही पांढऱ्या पाकळीत एक केस निघतोच.

कांड्यांचे प्रकार सोप्याकडून अवघडाकडे असे शिकावेत. एका रंगाच्या दांडूभोवती दुसऱ्या रंगाची पत्री गुंडाळली की डोळ्याची कांडी होते. दोन पत्र्या एकमेकींवर ठेवून गुंडाळल्या की चक्री. दोन रंगांच्या पट्ट्या आलटून पालटून रचल्या की बुद्धिबळाचा पट. पानासाठी हिरव्या दांडूचे तिरके तुकडे पाडून मध्ये गडद पत्र्या घालतात. मग दांडू उभा चिरतात, एक अर्ध फिरवतात आणि दोन अर्धांमध्ये देठाची पत्री ठेवून ते जोडतात. सगळ्या शिरा एका दिशेला झुकल्या तर एक अर्ध फिरवायचे राहून गेले असे समजावे. अशा पानाला माडाची झावळ म्हणून मान्यता मिळते.

एका रंगातून दुसऱ्यात अलगद जाणारी छटा हवी असेल तर अमेरिकेतल्या ज्युडिथ स्किनर यांची रीत वापरतात. दोन रंगांचे त्रिकोण कर्णावर जोडून चौकोन करायचा, त्याची घडी नेहमी एकाच दिशेने घालायची आणि तो यंत्रातून वीस-पंचवीस वेळा काढायचा. घडीची दिशा एकदा चुकली तर छटा संपून एकच रंग उरतो. तो रंग छान असतो, फक्त हवा असलेला नसतो.

यापुढची पायरी चित्राच्या कांडीची आणि देवगडच्या परिसरात पहिले चित्र हापूसचेच निघणार. मध्ये पांढरट बाठा, त्याभोवती केशरी ते पिवळी अशी छटा, वर हिरवट सालीची पातळ पत्री आणि चित्र हलू नये म्हणून आंब्याभोवतीची सगळी जागा पारदर्शक किंवा पांढऱ्या क्लेने गच्च भरायची. ही भरणी कंजूषपणाने केली तर पोकळी राहते, आणि पुढच्या दाबात आंबा त्या पोकळीत सरकतो. सरकलेल्या आंब्याचे खालचे टोक वाकडे होते, पोट आत जाते आणि कापात काजू दिसतो. सिंधुदुर्गात दोन्ही पिके होत असल्याने हे नुकसान धरत नाहीत.

आता कांडी बारीक करायची. चित्र मोठ्या आकारात रचणे सोपे, म्हणून कांडी आधी जाड करतात आणि मग दाबून, ओढून बारीक करतात. सुरुवात नेहमी मधून करावी : आधी कमरेला आवळायचे, मग थोडे थोडे टोकांकडे सरकायचे, अधूनमधून कांडी उलटी करायची. घाईने लाटली तर बाहेरचा थर पुढे धावतो, आतला मागे राहतो आणि टोकांशी चित्राचा वाडगा होतो. कांडी ओढणाऱ्याकडे बघत बसणे हा गावातला आवडता विरंगुळा असतो. पडवीतली आजी विचारते, “गो बाय, ह्यां खावचां काय?” “नाय आजये, कानात घालूचां.” “मगे इतक्यां कित्याक?”

हा प्रश्न गणिताचा आहे. समजा, कांडी ६ सेंटिमीटर जाड आणि ५ सेंटिमीटर लांब आहे. ती दाबून २ सेंटिमीटर जाडीची केली. जाडी एक तृतीयांश झाली, म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ एक नवमांश झाले. क्ले कुठे जात नाही, म्हणून लांबी नऊपट होते : ४५ सेंटिमीटर. दोन्ही टोकांचा बिघडलेला भाग मिळून ५ सेंटिमीटर काढून टाकला, तर ४० सेंटिमीटर उरते. काप २ मिलिमीटरचा धरला तर दोनशे काप निघतात. चार-पाच वड्यांतून दोनशे आंबे, म्हणजे कानातल्यांचे शंभर जोड. ज्या घरात कान चार आहेत, तिथे हे पीक भरघोसच म्हणायचे.

कांडीचा खरा स्वभाव या गणितात आहे. एका मण्यावर कुंचल्याने आंबा काढताना देठ वाकडा गेला, तर तो एक आंबा बाद करता येतो. कांडीत देठ वाकडा बसला, तर तो दोनशे वेळा वाकडा येतो, आणि चित्र आतून आरपार असल्याने वरून दुरुस्त करायला जागाच नसते. मात्र दुरुस्तीची फारशी गरजही पडत नाही. वाकडा देठ एका आंब्यावर दिसला तर बघणारा ‘चुकले’ म्हणतो, दहांवर दिसला तर ‘असे का?’ विचारतो आणि दोनशेंवर दिसला की ‘ही तुमची पद्धत वाटते’ म्हणून मान डोलावतो. अनुभवी कारागीर या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गप्प राहतो. कित्येक घरंदाज नक्षींचे मूळ असेच असावे.

ओढलेली कांडी हाताच्या उबेने मऊ झालेली असते. लगेच कापली तर गोल काप चपटा होतो. म्हणून ती काही तास पडू द्यावी किंवा फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीजमध्ये ती झाकणाच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी लावून ठेवावी. मासे आणि कांडी शेजारी ठेवू नयेत हे माशांच्या बाजूने सांगितले जाते. कापताना पाते सरळ खाली दाबावे आणि दर कापानंतर कांडी थोडी फिरवावी, म्हणजे ती एकाच बाजूने बसत नाही.

मण्यासाठी आधी टाकाऊ क्लेची गोळी करतात, तिच्यावर काप शेजारी शेजारी बसवतात आणि सांधे मिटेपर्यंत तळव्यांत फिरवतात. भोक सुईने, दोन्ही बाजूंनी गिरवत पाडावे. मग मणी माडाच्या हिरात ओवून तो हीर ताटलीच्या काठांवर आडवा टेकवावा, म्हणजे मण्याला कुठे चपटी जागा येत नाही. भाजणी बहुधा ११० ते १३० अंश सेल्सिअसला, अर्धा तास. नेमका आकडा पाकिटावर पाहावा आणि ओव्हनच्या बटणापेक्षा आत ठेवलेल्या तापमापकावर विश्वास ठेवावा. फार तापली तर क्ले करपते आणि त्यातून झोंबणारा, अपायकारक वायू निघतो. अशा वेळी ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात. शेजारी आपण होऊन येतात.

पावसाळ्यात भाजणीला बसले की वीज जाते. अशा वेळी या पदार्थाइतका समजूतदार पदार्थ नाही. अर्धवट भाजलेला मणी ठिसूळ राहतो, पण वीज आल्यावर तो पुन्हा भाजता येतो आणि कितीही वेळा भाजला तरी तापमान न ओलांडल्यास बिघडत नाही. थंड झाल्यावर वॉटर पेपरने पाण्यात घासावा : आधी ४००, मग ६००, मग १००० नंबर. पाण्यामुळे धूळ नाकात जात नाही. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर चोळला की चमक येते. चमकेसाठी नेलपॉलिश लावू नये. ते क्लेतल्या द्रव्याशी जमवून घेत नाही आणि मणी कायमचा चिकट होतो.

शंभर जोडांची वाट लावणे हा या कलेचा शेवटचा आणि पुस्तकांनी टाळलेला भाग. पहिले जोड घरात जातात, नंतरचे गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या पिशव्यांत, मोठा लॉट संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून. समुद्राला टेकलेल्या कुणकेश्वराच्या मंदिराला कोकणची काशी म्हणतात. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते, गावोगावचे देव पालखीतून तीर्थस्नानाला येतात आणि मण्या-बांगड्यांची दुकाने लागतात. त्या गर्दीत वाडीतल्या सगळ्या बायका एकाच वाकड्या देठाचा हापूस कानात घालून फिरतात, आणि दुकानदार विचारतो, हा नवा माल कुठून आला.

काढून टाकलेली टोके फेकू नयेत. ती एकत्र करून चौकोनी ठोकळा करावा, उभा मधोमध चिरावा आणि दोन भाग पुस्तकासारखे उघडून शेजारी जोडावेत. दोन्हीकडे सारखी, कोणी न आखलेली नक्षी मिळते. तेही नको असेल तर सगळे रंग मळून मातकट गोळा करावा आणि पुढच्या मण्यांच्या पोटात घालावा. उरलेली कच्ची कांडी मेणकागदात गुंडाळून, उन्हापासून दूर, सावलीत ठेवावी. कडक पारदर्शक प्लास्टिकचा डबा टाळावा, कारण क्लेतले द्रव्य तो खाते. नीट ठेवलेली कांडी काही वर्षांनीही वापरता येते, मात्र पुडीवर ती केल्याच्या वर्षाबरोबर आतल्या चित्राचे नावही लिहावे. बाहेरून आंबा कोणता आणि काजू कोणता, हे कापल्याशिवाय सांगता येत नाही.