उंड्राळ्ळू, डांगो आणि आमची कोजागिरी

"काय व, दूध उतू चाललं वाटते तुझं!"

भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला. 6 ऑक्टोबर 2025, कोजागिरीची संध्याकाळ. दूध मी केव्हाच उतरवलं होतं, फोन बघत उभी होते. धाकट्या लेकीनं टोकियोहून फोटो धाडला होता. तिथलं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास. आमच्या आदिलाबादेत दिवेलागण होते तोवर तिथं रात्र झालेली. फोटोत खिडकीशी एक पाट, पाटावर पांढऱ्या गोळ्यांची उतरंड, खाली नऊ, त्यावर चार, वर दोन. बाजूच्या तांब्यात गवताचे तुरे खोचलेले.

फोन भिंतीवरून अक्काच्या हातात दिला. चष्मा कपाळावर सरकवून तिनं डोळे बारीक केले. "हे तर उंड्राळ्ळू! जपानात गणपती आता बसवतेत का?"

म्हटलं, अक्का, हे गणपतीचे नाहीत, चंद्राचे. त्याला डांगो म्हणतात आणि सणाला त्सुकिमी. तांदळाच्या पिठीचे गोळे पंधराव्या रात्रीच्या चंद्राला दाखवायचे आणि मग घरच्यांनी खायचे. चंद्रावर ससा असतो आणि तो मुसळानं भात कांडत बसतो, असं तिकडं पोराबाळांना सांगतात.

"ससा तर आपलाच," अक्का म्हणाली. "त्याला कांडायला कुणी बसवलं?"

आता हे खरं की, त्या वर्षी दोन्हीकडचा चंद्र एकाच रात्री आला. दरवर्षी येत नाही. जपाननं 1873 साली इंग्रजी कॅलेंडर धरलं आणि बरेचसे सण नव्या तारखांना बांधून टाकले. 7 जुलैचा तानाबाता तसाच. बांबूच्या फांदीला इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधायच्या आणि आकाशातल्या दोन ताऱ्यांची भेट होऊ दे म्हणायचं. पण तेव्हा तिथं पावसाळा, तारे दिसणार कुठून! त्सुकिमी मात्र अजून जुन्या चांद्र महिन्यानंच चालते.

धाकटीला या सगळ्याचं भारी कौतुक. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन असतो, त्या दिवशी घरातून भाजलेले सोयाबीन फेकून राक्षसाला हाकलतात. मग आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. अक्कानं हिशेब केला, "मले तर पावशेर लागतील. आणि दात?" दातांचं मी काही बोलले नाही.

पण खरी गंमत ओबोनची. धाकटी पहिल्यांदा गेली तेव्हा घाबरलीच होती. ओबोन म्हणजे त्यांचा पितृपक्षच म्हणा, पूर्वज घरी येतात. आणि पूर्वज घरी आलेत म्हणून माणसं नाचतात! मैदानात मधोमध लाकडी माचा, त्यावर ढोल, आणि भोवती म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांचा फेर. ही कडेला पर्स छातीशी धरून उभी. एका आजींनी नुसतं बोटानं दाखवलं, पुढचीचा हात बघ. ही फेरात शिरली. भाषा अर्धी कळत होती, पाऊल एकही येत नव्हतं.

मला हे ऐकून हसू आलं, कारण मी स्वतः 1994 साली अशीच उभी होते. पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, नवी नवरी, पांढरकवड्याची. आमच्याकडं भुलाबाई. भुलाबाई-भुलोजींपुढं बसून गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या आणि खिरापत ओळखायची. पायांना काही काम नाही. इथं बतुकम्मा, फुलांचे थर रचून फेर धरायचा नऊ दिवसांचा देवीचा सण. सर्वपित्री अमावस्येला सासूबाई म्हणाल्या, आज एंगिलीपुव्वुल बतुकम्मा. मी विचारलं, एंगिली म्हणजे? म्हणाल्या, उष्टं. उष्टी फुलं, आणि देवीला! मी गप्पच बसले. कुणी म्हणतं आदल्या दिवशी तोडून पाण्यात ठेवतात म्हणून उष्टी, कुणी म्हणतं देठ दातानं तोडत म्हणून. मला आजवर कुणी पक्कं सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

फुलं रचायला अक्कानंच शिकवलं. ताटात भोपळ्याची पानं, त्यावर तंगेडूची, म्हणजे आपल्या तरवडाची, पिवळीधमक जुडी गोल मांडायची, देठ आत. मग गुनुगू, आपला कुर्डू. तो पांढरा, म्हणून गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायचा. आठ दिवस नखं जांभळी राहतात. थरावर थर, मग झेंडू, आणि सगळ्यात वर हळदीची गौरम्मा. थर जरा कलला की अक्का माझ्या हातावर चापट मारायची.

आणि फेर! वाकायचं, टाळी, पाऊल, पुन्हा वाकायचं. मी उलट्या बाजूला वळले आणि एका बाईच्या कपाळाशी माझं कपाळ आपटलं. अक्कानं मनगट धरलं ते नवव्या दिवशी, सद्दुल बतुकम्मा पाण्यात सोडेपर्यंत सोडलं नाही. त्या दिवशी काठावर मलिदा वाटला. शब्दही मलिदा, चवही मलिदा. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, चला, जेवायचं तरी कळतंय.

हे बोलून दाखवलं तशी अक्का म्हणाली, "मग तुला कोण म्हणालं तू बाहेरची? बाहेरचा तर तो साहेब होता."

साहेब म्हणजे हायमेंडॉर्फ. व्हिएन्नाचा माणूस, 1940 च्या दशकात बायको बेट्टीसकट मारलवाईत येऊन राहिला. गाव तेव्हा आपल्याच जिल्ह्यातलं, 2016 च्या वाटणीत आसिफाबादेकडं गेलं. गोंडांचे सणवार, दंडारी, नागोबा, सगळं टिपलं त्यानं, जाडजूड पुस्तकं झाली. दोघांच्या समाध्या मारलवाईतच आहेत. अक्काचं म्हणणं इतकंच, की लिहिणारा वेगळा आणि फेर धरणारा वेगळा. तो नाचला असेल का, ते तिला माहीत नाही.

तेवढ्यात चंद्र तिच्या शेवग्यावर आला. मी दुधाचा पेला भिंतीवर ठेवला, तिनं तो उचलून धाकटीच्या फोटोला दाखवला आणि प्याली.

"पुढच्या वर्षी मीच करते उंड्राळ्ळू, दोघींच्या चंद्राला एकदम."

जमायचं नाही, अक्का. पुढच्या वर्षी आपल्याकडं अधिक ज्येष्ठ आहे. तिची त्सुकिमी 25 सप्टेंबरला आणि आपली कोजागिरी 25 ऑक्टोबरला.

"मग काय," पेला परत देत अक्का म्हणाली, "दूध दोनदा आटव."