हात न धुतलेली माणसं

लपवू नका वहिनी, दिसली मला ती डबी. दोन गोळ्या टाकल्यात ना चहात? टाका हो, साखर वाढलेल्या माणसानं काय करावं! पण त्या गोळीचं घराणं ठाऊक आहे का? या अशा, जास्वंदीच्या अलीकडे.

थोरली पाती सॅकरिनची. १८७९ साल, अमेरिकेतलं बाल्टिमोर. तिथं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन म्हणून मोठे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोगशाळेत फालबर्ग नावाचा गृहस्थ दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांवर खटपट करायचा. मूळ नोकरी कसली, तर साखर मागवणाऱ्या पेढीची साखर तपासायची! एका रात्री कामाच्या नादात जेवायला उशीर झाला, आणि हा बाबा हात न धुताच जेवायला बसला. पाव मोडला, तो गोड. त्याला वाटलं, केकबिक असेल. चूळ भरली, रुमालानं मिशा पुसल्या, तर रुमाल पावाहून गोड! पेल्याला जिथं बोटं लागली होती तिथलं पाणी पाकासारखं. मग अंगठा चाटून पाहिला आणि उठला तो थेट प्रयोगशाळेत. टेबलावरचं एकूण एक भांडं चाखत सुटला!

विष असतं तर? तेच म्हणते मी. गोड लागलं म्हणून सोसतंच असं थोडंच आहे? रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवायचे, त्यात शिशाचं ॲसिटेट उतरायचं. तेही गोडच, म्हणून तर त्याला शिशाची साखर म्हणतात. आणि चक्क विष! फालबर्गचं नशीब बरं होतं, एवढंच.

खरी मजा पुढेच. निबंध दोघांच्या नावानं छापला, पेटंट मात्र पठ्ठ्यानं एकट्याच्या नावावर केलं. जर्मनीत माग्देबुर्गजवळ कारखाना काढला, पैसाही केला. रेमसनना पैशाचं काही नव्हतं हो, पण श्रेय लाटलेलं जिव्हारी लागलं. फालबर्गला ते सरळ लुच्चा म्हणायचे.

मग सॅकरिन सोसतं की नाही, हे प्रकरण गेलं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टपर्यंत. सरकारी रसायन खात्याचे प्रमुख हार्वे वायली त्यांच्या तोंडावर म्हणाले, हे डांबरातलं द्रव्य प्रकृतीला घातक. रूझवेल्ट असे भडकले! माझा डॉक्टर मला रोज देतो, घातक म्हणणारा मूर्ख आहे, म्हणाले. १९०८ साली तज्ज्ञांची समिती बसवली. अध्यक्ष कोण, सांगा पाहू? रेमसनच! आता हे उट्टं काढणार, असं तुम्हाला वाटेल. छे. थोडं घेतलं तर अपाय नाही, फार घेतलं तर पचन बिघडेल, असा मधला निकाल. माणूस सरळ होता, मला तरी तसंच वाटतं.

बाकीच्या पात्यांचीही तीच कथा. १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात स्वेडा नावाच्या मुलानं टेबलावर ठेवलेली सिगारेट ओठाला लावली, ती गोड लागली. सापडलं सायक्लामेट. १९६५ साली श्लॅटर अल्सरच्या औषधावर काम करत होता, कागद उचलायला बोट चाटलं आणि ॲस्पार्टेम हाती आलं. आपण पोरांना बोटं चाटू नका म्हणून ओरडतो!

आणि सुक्रालोजवाला कोण, माहीत आहे? शशिकांत फडणीस! आडनावावरून तरी आपलाच म्हणायचा. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात साखरेला क्लोरीन जोडून बघायचं काम चाललं होतं. लेस्ली हफ हे त्यांचे साहेब. साहेब म्हणाले, तपास. यांनी ऐकलं, चाख. इंग्रजीत दोन्हीचा उच्चार ‘टेस्ट’च्या आसपासच की! घातलं जिभेवर. साखरेच्या सहाशेपट गोड!

पुढे हफसाहेबांनी तीच पूड आपल्या कॉफीत घातली म्हणे. अहो, क्लोरीन आहे त्यात, असं फडणीसांनी बजावलं, तर साहेब म्हणाले, सोड रे, काही मरत नाही आपण!